जबलवरचा सज्जा

शुक्रवार, २ जानेवारी

बँकेने फुकट डायरी दिली आणि रेवाने ती माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाली, "आई, तू एकच गोष्ट सगळ्यांना दहादा सांगतेस. यात लिही, आम्हाला रेस्ट मिळेल." मी म्हटलं, तू चोरून वाचशील. तर म्हणते, "मला तुझं हँडरायटिंग वाचताच येत नाही, प्रॉमिस." लेक अकरावीत आहे. शाळेत दिवसभर इंग्रजी, आणि घरी मराठी अशी बोलते की वाटावं तोंडात गरम बटाटा आहे. असो, वाचता येत नसेल तर बरंच, मोकळेपणी लिहिता येईल.

तर मी जयवंती. मूळ गाव कुडाळजवळ, राहणार आखातात, अल अमेरातला. घरी ब्लाउज शिवते, आणि आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायका माझ्या मापाच्या वहीत आहेत. आमचे हे, म्हणजे तानाजी, सुतारांचे फोरमन. अर्बाबचा कारखाना सहमला, समुद्राकाठी. हे आठवडाभर तिकडे असतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. अर्बाब म्हणजे मालक, पण ह्यांना तो घरच्यासारखा वागवतो.

आज अर्बाबचा फोन आला तेव्हा मी शेजारीच कांदा चिरत होते. वर जबलवर, म्हणजे डोंगरावर, एका खिंडीत त्याच्या पणजोबांचं पहाऱ्याचं ठाणं होतं. इकडची हद्द आणि तिकडची हद्द यांच्या मधोमध. भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. अर्बाबने तो किल्ला होता तसा पुन्हा उभा केलाय, म्युझियम म्हणून. खाली दगडमाती, वर सगळं लाकूड. दरवाजा, छत, आणि आतल्या चौकाभोवती तीन बाजूंनी लाकडी सज्जा, जिथे उभं राहून पहारेकरी बंदुका रोखायचे. ते सगळं लाकूडकाम आमच्या ह्यांचं. अर्बाबची अट होती, जुन्या पद्धतीने करायचं, एकही लोखंडी खिळा दिसता कामा नये.

फोनवर अर्बाब म्हणाला, "तानाजी, तुम बोलो. सब खलास?" हे म्हणाले, "खलास, अर्बाब." मग अर्बाब म्हणाला की रमजानच्या आधी, तेवीस तारखेला शुक्रवारी, जुम्म्यानंतर सगळे पाहुणे बोलावतो. आणि दरवाजाजवळ पितळी पाटी लागणार, तिच्यावर ह्यांचं नाव. अरबीत आणि इंग्रजीत. अठ्ठावीस वर्षं हा माणूस इथे लोकांची दारं बसवतोय, आजवर कुठे नाव लागलेलं नाही. मी सुरी खाली ठेवली आणि देवाला साखर ठेवली.

आणि तिथल्या तिथे मला सुचलं. यंदा मंडळाचं हळदीकुंकू किल्ल्यावर करायचं. सकाळी आमचं, दुपारी अर्बाबच्या पाहुण्यांचं. मी ह्यांच्या हातून फोन घेऊन विचारलंच. अर्बाब खूश. "अहलन, मदाम, सब आओ." हे मात्र माझ्याकडे बघत राहिले. ह्यांना आनंद झाला की चेहरा असा दगडासारखा होतो, पहिल्यापासून.

शनिवार, ३ जानेवारी

वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट. मला वाटलं, मोटर गेली. उघडून बघते तर ह्यांच्या पॅन्टच्या खिशातून लाकडाच्या पाचरी. बोटाएवढ्या, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला सुरीसारख्या, प्रत्येकीच्या डोक्यावर निळ्या पेन्सिलची फुली. दोन्ही खिसे भरून. मी म्हटलं, अहो, काम खलास झालं ना, मग हे काय खिशात घेऊन फिरता?

"टाकू नको गो त्या. माका होयात," एवढंच म्हणाले, आणि ओल्या पाचरी एकेक करून टॉवेलवर मांडत बसले.

एक मी ठेवून घेतली. शिवणाच्या मशीनचा एक पाय लंगडा आहे, त्याखाली ठोकली. डगमगणं बंद. ह्यांना हजारदा सांगितलं होतं, पण सुताराच्या घरचं फर्निचर कायम लंगडंच असायचं.

शुक्रवार, ९ जानेवारी

भांडण झालं. लिहूनच टाकते, म्हणजे डोकं थंड होईल.

काल रात्री जेवताना मी सांगत होते की चाळीस बायका तयार झाल्यात. जबलच्या पायथ्याला पोलिसांची चौकी आहे, फोर-व्हीलशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून गाड्यांची जमवाजमव चालू आहे. शिवांगीने तिच्या नवऱ्याच्या ऑफिसमधल्या दोन गाड्या कबूल केल्यात. शिवांगी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी. पुण्याची आहे. ती कबूल करते तेव्हा उपकार केल्यासारखं करते, पण करते.

हे मध्येच म्हणाले, "तुम्ही तेवीसला येव नको."

मी म्हटलं, का?

"थंडी असता वर. बायका आजारी पडतील."

मी म्हटलं, चाळीस बायकांनी स्वेटर उसने घेतलेत, मुलांच्या शाळेचे मरून स्वेटर काळ्या साड्यांवर घालणार आहेत, आणि तुम्हाला थंडीची काळजी?

मग थोडा वेळ भात चिवडला आणि म्हणाले, "मग वर सज्ज्यावर जाव नको. खाली चौकात करा."

आता मला सांगा. चौक बघायला कोण एवढ्या लांब जाणार? अर्बाबने फोटो पाठवलेत, सगळे सज्ज्यावरून काढलेले. ऊन तिथे, वारा तिथे, खालची दरी दिसते ती तिथून. मी विचारलं, काय झालंय नक्की? तर म्हणतात, "काम मनासारख्या झाला नाय."

बस. हा माणूस असाच. देवघर केलं तेव्हा म्हणाले, मनासारखं झालं नाही. आमचा लग्नाचा पलंग केला तेव्हाही तेच. मी म्हटलं, अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या मनातलं बाहेर कोणाला दिसतंय? अर्बाब खूश आहे, पाटी लागतेय, आता स्वतःहून खुसपटं काढू नका. अर्बाबला तर एक अक्षर बोलू नका. आपली माणसं तुमचं नाव वाचायला येतायत आणि तुम्ही त्यांना येऊ नका म्हणता.

ते गप्प बसले. माझंच बरोबर होतं म्हणून गप्प बसले. पण मला राहून राहून एक वाटतं, तेही लिहिते. अर्बाबचे पाहुणे मोठे. त्यांच्यासमोर काळ्या साड्या नेसून, मोठ्याने बोलणारी बायको नको वाटत असेल. लाज वाटत असेल माझी. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण कांदा काही चिरत नाहीये.

शनिवार, १० जानेवारी

आज जहूरभाई आले. ते रत्नागिरीकडचे, कारखान्याचा ट्रक चालवतात, सगळं लाकूड त्यांनीच वर चढवलं. ह्यांचा भाऊ असता तर एवढा जवळचा नसता. दोघे गॅलरीत उभे होते, मी चहा घेऊन गेले तर एकदम गप्प.

मी जहूरभाईंनाच धरलं. म्हटलं, तुमचा मित्र मला घरी बसवायला निघालाय, काय भानगड आहे?

जहूरभाई ह्यांच्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "वैनी, तसं काय नाय. लाकूड सहमला कापलं, तिथेच जोडून बघितलं. ऐन उन्हाळा, समुद्राची दमट हवा. सगळं कसं गच्च बसलं होतं. वरची हवा कोरडी, त्यात ही थंडी. लाकूड पाणी सोडतं."

मला हसू आलं. म्हटलं, माझे ओठही फुटतात वर गेल्यावर. व्हॅसलीन लावा.

ते हसले नाहीत. हे म्हणाले, "गावचा हात हा. गावची सवय."

ती सवय मला माहीत आहे. माझे सासरेही सुतार. आमच्याकडे कोकणात नवी चौकट बसवताना सुतार पाचर कधी ठासून मारत नाही. हलकेच मारतो, थोडी जागा ठेवतो. पावसाळा आला की लाकूड फुगतं आणि जोड असा आवळतो की करवतीशिवाय सुटत नाही. ठासून मारली तर पावसात लाकूड फाटतं. सासरे म्हणायचे, अर्धं काम सुताराचं, अर्धं पावसाचं. ह्यांनी किल्ल्याचं कामही तसंच केलंय, आपल्या पद्धतीने. मला तर अभिमानच वाटला. अरबांच्या किल्ल्यात कुडाळची सुतारी.

मी तसं म्हणाले तर हे उठून आत गेले. जहूरभाई म्हणाले, "वैनी, चहा फस्ट क्लास." कपात तर अर्धा तसाच होता.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. ह्यांना फोनवरच तिळगूळ घ्या म्हटलं. ते सहमला नव्हते, वर जबलवर होते. वाऱ्याचा आवाज एवढा की शब्द कळेनात. मी विचारलं, काम खलास ना, मग वर काय करताय? म्हणाले, पोती भिजवून लाकडाला गुंडाळतोय.

सिमेंटला पाणी मारतात ना, तसंच असेल. मी म्हटलं, थंडीत पाण्यात हात घालू नका. म्हणाले, "पाणी पोत्यार गोठता. सकाळी बर्फ काढूक लागता."

रेवाला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा ओके आहेत ना? ते खूप... स्केअर्ड वाटले फोनवर." मी म्हटलं, दमलेत. ह्या मुलांना दमलेला माणूस आणि घाबरलेला माणूस यांतला फरक कळत नाही.

वाण म्हणून स्टीलच्या छोट्या डब्या आणल्या. मत्राच्या बाजारात घासाघीस करून.

शनिवार, १७ जानेवारी

ह्यांचे हात बघितले. बोटं फुटलीत, नखांखाली रक्त साकळलंय. खोबरेल लावून दिलं तर लहान मुलासारखे बसून राहिले. मला वाटलं, आता बोलतील. मी पण काही विचारलं नाही, नाहीतर पुन्हा भांडण.

बोलले ते एवढंच. "अर्बाबाक सांगूचा म्हणून दोनदा गेलंय. तो पाटी दाखवता. पुसून पुसून दाखवता."

मी म्हटलं, बघा, माणूस किती चांगला आहे.

ह्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तेलाची बाटली उचलून आत आले. काय चुकलं माझं, कळत नाही. आज खिसे आधीच तपासले, पुन्हा पाचरी होत्या. ह्या वेळच्या जाड.

गुरुवार, २२ जानेवारी

उद्या निघायचं. तिळाच्या वड्या झाल्या, हळदीकुंकवाचं ताट बांधून ठेवलं, काळ्या साडीला फॉल लावला.

हे घरी आलेच नाहीत. वरच राहिले. संध्याकाळी फोन केला तो मला नाही, रेवाला. मी दाराआडून ऐकलं. ती म्हणत होती, "हो बाबा. नाही जाणार वर. पण का? ... ओके. आईला पण? ती ऐकणार नाही, बाबा."

मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "बाबा म्हणाले, सज्ज्यावर जाऊ नको, आईचा हात सोडू नको." आणि मग, "आई, समथिंग इज राँग. तू नको ना नेऊ सगळ्यांना."

चाळीस बायकांना आता काय सांगू? माझ्या नवऱ्याला नको वाटतंय म्हणून रद्द? शिवांगी वर्षभर पुरवून पुरवून बोलेल. आणि पाटीवरचा पडदा निघताना मी तिथे नको?

ताकाचा कप तसाच राहिला.

शनिवार, २४ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज रेवाला जेवायला वाढलं, भांडी घासली, आता बसलेय. जसं झालं तसं लिहिते.

चौकीपासून वर वळणंच वळणं. शिवांगीला दोनदा गाडी थांबवून उतरावं लागलं. वर पोचलो तर दात वाजायला लागले. काळ्या साड्या, वर पोरांचे मरून स्वेटर, कोणाच्या डोक्याला माकडटोपी. एकमेकींना बघून हसून हसून पुरेवाट. मी पण हसले. किल्ला समोर दिसला आणि सगळं विसरले. केवढा तो दरवाजा, आणि त्याच्यावरचं ते कोरीवकाम. मी सगळ्यांना थांबवून हात लावून दाखवला. हा ह्यांनी केला, ही वेल ह्यांनी काढली. शेजारी पाटी, तिच्यावर हिरवं कापड.

आत खोल्यांत जुन्या बंदुका, कॉफीचे दल्ले म्हणजे चोचवाल्या किटल्या, पहारेकऱ्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या गोधड्या. एवढ्या थंडीत ती माणसं रात्र रात्र जागायची. पण बायकांचं लक्ष कशात नव्हतं. चौकात सावली, बर्फासारखी फरशी, आणि वर सज्ज्यावर लख्ख ऊन. सगळ्यांचं एकच, चला वर, चला उन्हात.

जिन्याच्या तोंडाशी हे उभे. जिन्याला आडवी दोरी बांधलेली. दाढी वाढलेली, डोळे लाल. सगळ्यांसमोर म्हणाले, "वर नको. पॉलिश ओलं आहे. खाली करूया."

मी पुढे होऊन कठड्याला हात लावला. खडखडीत सुका. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. माझ्या मनाचा तोल गेला. म्हणजे खरंच लाज वाटते माझी, हेच डोक्यात. तेवढ्यात अर्बाब आला, पांढरा शुभ्र पायघोळ डिशडाशा, हसतमुख. "क्या तानाजी, कौन सा पॉलिश? यल्ला मदाम, ऊपर जाओ, ऊपर से पूरा वादी दिखता." आणि त्याने स्वतःच्या हाताने दोरी सोडली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मी म्हटलं, सुताराची बायको मी, पहिला मान माझा. ताट घेतलं आणि चढायला लागले. मागून हाक आली. "जयवंती."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला नावाने हाक मारलेली नाही. "गो" म्हणतात, नाहीतर "रेवाच्या आवशी", म्हणजे रेवाची आई. तेवढ्यानेच मी थांबायला हवं होतं. मी वळले नाही.

वर ऊन छान होतं. चार पावलं गेले तर पायाखाली फळी बोलली. नवीन लाकूड बोलतंच. अजून थोडी पुढे गेले. ताट ठेवायला जागा बघायला वाकले आणि खांबाशी निळी फुली दिसली. पाचर. तिच्याशेजारी दुसरी. पलीकडच्या जोडाला तीन, एकीवर एक. जिकडे बघावं तिकडे निळ्या फुल्या. माझ्या वॉशिंग मशीनमधल्या. तुळईचं टोक खांबात जिथे घुसतं तिथे फट होती, मी बोट घातलं तर बोट आत गेलं. एक जाड पाचर सुटून फळीवर पडली होती, आणि मी पाऊल टाकलं तशी ती हलली.

फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं. बरोब्बर माझ्या खाली हे उभे होते. खांबाला खांदा लावलेला, दोन्ही हात वर, तुळईला टेकवलेले. पलीकडच्या खांबाला तसेच जहूरभाई. अर्बाबला वाटलं असेल, उगाच टेकून उभे आहेत.

काही मोडलं नाही. काही पडलं नाही. मला कोणी काही सांगितलं नाही. पण मला कळलं. थंडी, पोती, फुटलेली बोटं, येव नको, वर जाव नको. आणि मी काय सांगितलं होतं तेही आठवलं. झाकली मूठ.

भिंतीच्या कडेकडेने परत फिरले. ताटातल्या वाट्या आपोआप वाजत होत्या. जिन्याशी आले तर शिवांगी तिसऱ्या पायरीवर, तिच्यामागे बायकांची रांग, हसणं, फोटो. रेवा सर्वांत खाली, पांढरीफटक. मी म्हटलं, मागे फिरा. कोणी ऐकलं नाही, सगळ्यांना वाटलं गंमत. मग मी तशीच रेटत खाली आले, सगळ्यांना उतरवलं, आणि शेवटच्या पायरीवर बसले. साडी पसरून, कठड्याला धरून.

शिवांगी म्हणाली, "अगं, काय झालं? पॉलिश लागलं का साडीला?"

तिने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तरी सकाळ निभावली असती. पण जुम्म्यानंतर अर्बाबचे पाहुणे होते, त्यांची पोरंबाळं होती. ह्यांनी पाहुण्यांना पण पॉलिशच सांगितलं असतं का? अर्बाबने पुन्हा दोरी सोडली असती. मग खाली हात लावायला दोनच माणसं.

मी म्हटलं, "पॉलिश नाही. सज्जा सैल झालाय. ह्यांचं काम चुकलंय." हे बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. आणि अर्बाबला कळावं म्हणून त्याच्याकडे बघून म्हटलं, "अर्बाब, लकडी ढीला हो गया. ऊपर कोई जाएगा तो गिरेगा."

अर्बाबचं हसू तसंच राहिलं, नुसतं डोळ्यांतून गेलं. "तानाजी? सच?"

हे तुळईखालून बाहेर आले. हात अजून अर्धवट वर. "सच, अर्बाब. मेरा गलती. लकडी समुंदर पे बिठाया, पहाड़ पे सुख गया. मैं बोला नहीं."

अर्बाब ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोरी उचलली, स्वतः जिन्याला दोन गाठी मारल्या आणि बाहेर जाऊन फोन करत राहिला. पाहुणे आले तेव्हा चौकात कॉफी दिली. पाटीवरचं हिरवं कापड काढलं नाही.

आमचं हळदीकुंकू सावलीत झालं. निघताना शिवांगी कानाशी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण, जयवंती. पॉलिशवर भागलं असतं की." गाडीत रेवाने माझा हात धरला तो अल अमेरात येईपर्यंत सोडला नाही.

हे गाडीत नव्हते. ते वरच राहिले, माझ्याकडे न बघता.

मंगळवार, २७ जानेवारी

फोन उचलत नाहीत. जहूरभाईंना केला. म्हणाले, "वैनी, जेवतो, झोपतो. बोलत नाय." झोपतात ऐकून बरं वाटलं. पण माझ्याशी बोलायचं नाही एवढं कळलं. बरोबरच आहे. एका वाक्यात अठ्ठावीस वर्षांचं नाव घालवलं मी, तेही भरल्या चौकात. ते स्वतः सांगणार होते का? कदाचित माझ्यामागून जिना चढले असते. कदाचित नाही. मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही.

ब्लाउज एकही झाला नाही आज.

शनिवार, ३१ जानेवारी

राहवलं नाही. काल जहूरभाईंच्या गाडीतून वर गेले. डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी. भांडायचं तर पोटभर खाऊन भांडावं.

सज्जा उतरवत होते. अर्बाबने सांगितलंय, ज्याने बांधला त्यानेच उतरवायचा. आता दुसरी कंपनी लोखंडी पट्ट्या घालून नवा बसवणार. हे परत सहमला, दुकानांच्या फळ्या करायला. कामावरून काढलं नाही, एवढी माया ठेवली अर्बाबने. येताना दरवाजाजवळ बघितलं, पाटी नव्हती. भिंतीत चार भोकं होती.

हे मला बघून थांबले. मी डबा जिन्यावर ठेवला आणि उभी राहिले. बोलायचं खूप ठरवून आले होते, त्यातलं एक वाक्य आठवेना.

मग त्यांनी मला हात करून बोलावलं. एका तुळईखाली ठोकळे लावलेले होते. खांबाला एक हात लावला, दुसऱ्या हाताने तुळई नुसती ओढली. हातोडी नाही, काही नाही. टोक अलगद बाहेर आलं, उशीतून अभ्रा काढावा तसं. ज्या जागी मी ताट ठेवायला वाकले होते, तोच जोड. तिथे अजून कुंकू सांडलेलं होतं.

ते कुंकवाकडे बघत म्हणाले, "तू वर होतस. माझा घर माझ्या हातार होता गो." आणि मग, "तुळईचा वजन कळला नाय. तुझा कळला."

मी म्हटलं, म्हणजे मी जाड झालेय असं म्हणायचंय?

आधी ते नुसते बघत राहिले. मग हसले. ह्या महिन्याभरात पहिल्यांदा. हसता हसता जिन्यावर बसले आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला, आणि मग ते हसणं नव्हतं. मी शेजारी बसले. काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

मग डोळे पुसत म्हणाले, "बरा झाला तू बोललस. माझ्या तोंडातून येणा नाय होता."

पेज गार झाली होती, तरी सगळी खाल्ली.

रात्री बरोबरच घरी आलो. आज सकाळी ह्यांचे कपडे धुवायला टाकले. सवयीने खिसे उलटे करून बघितले. दोन्ही रिकामे, नुसता भुसा. तो बाल्कनीत झटकला आणि शिवायला बसले. मशीनच्या पायाखालची पाचर तेवढी राहिली आहे. ती मी काढणार नाही.